चेंडू गौरीपासून निघाला होता

समोर बसलेल्या काकू, सरांच्या घरची सगळी माणसं, मंचावरचे आपल्या जत्रा मंडळाचे अध्यक्ष नाना, मंडळाचे कार्यकर्ते, आणि तिकडं अगदी मागं पाण्याच्या टाकीपाशी बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. मी कळंब आगारात कंडक्टर आहे. दिवसभर भरल्या गाडीत ओरडायची सवय आहे मला. आजसुद्धा ड्यूटीवरनं घरी नुसती टेकले आणि तशीच आलेय, अंगावर खाकी आहे. पण आज आवाज वेगळाच लागतोय. घरून निघताना वाटलं, रडू असेल. इथं येऊन बसले, माझ्या आधीची चार भाषणं ऐकली, आणि कळलं की हे रडू नाही. हा राग आहे.

शोकसभेत रागानं बोलू नये म्हणतात. माझी आई निघताना म्हणली, "संगे, चार शब्द गोड बोल आन् खाली बस." आई, माफ कर. आज गोड जमणार नाही.

ज्यांची माझी ओळख नाही त्यांना सांगते. मी संगीता. याच गावची लेक. दिगंबर सर आपल्या शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि त्यांनी पोरींचा फुटबॉलचा संघ काढला, त्या पहिल्या संघात मी मधल्या फळीत खेळायची. सर रिटायर झाले, तरी शिकवणं थांबलं नाही. मागच्या आठवड्यात सर गेले. स्वतःच्या रानात, सकाळच्या पारी, ज्वारी कापल्यावर उरलेली धसकटं उपटता उपटता गेले. काळजानं दगा दिला. हे सगळ्यांना माहीत आहे. पण सर धसकटं का उपटत होते? आत्तापर्यंत इतके वक्ते बोलले, एकानं तरी हे सांगितलं का? ते मी सांगणार आहे. त्यासाठीच उभी आहे.

पण आधी हा माझ्या मागचा फ्लेक्स बघा.

पाय डोक्याच्या वर गेलाय. चेंडू हवेत. अंगात कुठल्यातरी परदेशी क्लबाचा टी-शर्ट. आणि त्या धडावर आमच्या सरांचं डोकं चिकटवलंय. खाली लिहिलंय, "गोलांचा बादशहा". अरे, कुणाचं धड आहे हे? सरांच्या पोटऱ्या असल्या होत्या व्हय? काकू, चाळीस वर्षांचा संसार तुमचा. ह्या माणसाला तुम्ही ओळखता का? सर आयुष्यात कधी असा पाय उचलून चेंडू मारत नव्हते. धाराशिवला कॉलेजात असताना खेळायचे, तेव्हाचं मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्ही गोल किती मारले?" सर हसले. म्हणले, "एक बी आठवत न्हाय बघ संगे. पास मात्र बरेच आठवतात." आणि त्या माणसाला तुम्ही मेल्यावर गोलांचा बादशहा करता? फोटो लावायचा तर त्यांचाच लावायचा होता. टोपी घातलेला, शिट्टी गळ्यात, पायात ती झिजलेली चप्पल. तेवढा एक फोटो कुणाच्या मोबाईलमधी सापडला नाही?

मला इथं एकजण बसल्या जागी म्हणाले, "जाऊ दे की ताई, भावना बघा." भावनाच बघतेय. सरांनी आम्हाला काय शिकवलं, हे या गावाला आजपर्यंत कळलं नाही, ही भावना आहे माझी.

सरांनी पास शिकवला. गोल नाही. पास.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पोरी मैदानावर गेलो आणि जिला चेंडू मिळंल तिनं लाथ घातली. सरांनी खेळ थांबवला. म्हणले, "घरी पाहुणा आला तर पाण्याचा तांब्या फेकून मारता का गं?" आम्ही हसलो. "न्हाय सर." "मग कसा देता?" "हातात देतो." "त्यानं धरला का न्हाय, ते बघून सोडता ना? मग चेंडू बी तसाच द्यायचा. पोचवायचा. फेकायचा न्हाय."

आणि मग महिनाभर दुसरं काही नाही. पावलाची आतली बाजू, घोट्याच्या खाली सपाट जागा आहे ना, तिथनं चेंडू ढकलायचा. बोटांनी नाही. दुसरा पाय चेंडूच्या शेजारी टेकवायचा, आणि जिला द्यायचा तिच्याकडं त्या पायाचं तोंड. आपलं मैदान मुरमाचं, चेंडू उसळतो. म्हणून जमिनीला धरून द्यायचा. जोरात दिला तर तिला आवरत नाही, हळू दिला तर मधीच समोरची पळवते. ती उभी आहे तिथं द्यायचा नाही, ती पळून जाणार आहे तिथं द्यायचा. आम्हाला कंटाळा यायचा. सरांना कधी आला नाही.

तिघी-तिघींना त्रिकोणात उभं करायचे. ओरडायचे, "चूल मांडा!" चुलीचे तीन दगड. एक दगड हलला तर दोघांनी सरकायचं, नाहीतर भांडं कलंडतं. आणि मैदानाच्या कडेला बसलेली बाप्यामाणसं काय म्हणायची? म्हणायची, "बघा, मास्तर बी शेवटी पोरींना चूलच शिकवतोय." आणि खदाखदा हसायची. त्यातले दोन-तीनजण आज मंचावर आहेत. मघाशी त्यांनीच सरांना "द्रष्टे" म्हणलं. ऐकून माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू?

आणि सरांचा सगळ्यात मोठा धडा. चेंडू पायात यायच्या आधी मागं बघायचं. खांद्यावरनं. चेंडू आल्यावर बघायला वेळ नसतो. माझ्याकडं पास यायला लागला की सर तिकडनं बोंबलायचे, "संगे, आधी मागं बघ!" इतक्यांदा बोंबलले, की आजही गाडीत तिकीट फाडताना मी आधी मागं बघते. ड्रायव्हर चेष्टा करतात माझी.

आधी मागं बघा. हे लक्षात ठेवा. शेवटाला मला लागणार आहे.

आता फेट्याचं सांगते.

आपल्या जत्रेत कुस्त्या व्हायच्या. आताही होतात. पैलवानानं कुस्ती मारली की त्याला फेटा बांधायचा, ही आपली रीत. चांगली रीत आहे. कुस्तीत एकटा लढतो, एकटा जिंकतो, त्याला फेटा शोभतो. मग जत्रेत फुटबॉल आला. सरांनीच आणला. मंडळानं काय केलं? कुस्तीची रीत उचलून फुटबॉलला लावली. गोल झाला की खेळ थांबवायचा, माईकवरनं नाव पुकारायचं, आणि जिनं गोल मारला तिला मैदानातच फेटा बांधायचा. मग फेटा बांधलेली पोरगी पुढचा खेळ कशी खेळणार? डोक्यानं चेंडू कसा मारणार? तेवढाही विचार कुणी केला नाही. पण ते हसण्यावारी सोडा. फेटा आला आणि सगळे संघ बिघडले. कुणी कुणाला पासच देईना. शेजारी मैत्रीण मोकळी उभी, समोर तिघी आडव्या, तरी हीच मारणार. का? तर फेटा मारणाऱ्याला. देणाऱ्याला काय? देणाऱ्याला कुणी विचारत नाही. सर मंडळात जाऊन सांगून आले, "हे बंद करा. पोरींचा खेळ नासतोय." मंडळ म्हणलं, "मास्तर, लोकांना मजा येती."

मग ती फायनल आली. कळंबच्या संघाबरोबर. आपल्यातले बरेचजण तिथं होते.

गोलमधी आमची गौरी. चेंडू अडवला. सगळं मैदान ओरडतंय, "लांब हाण! लांब हाण!" गौरीनं हाणला नाही. हातानं, जमिनीवरनं, हळूच रुक्मिणीला दिला. रुक्मिणीनं मला. चेंडू यायच्या आधी मी मागं बघितलं होतं, अश्विनी डावीकडनं सुटली होती. एका स्पर्शात तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत दिला. अश्विनीनं गोल केला. आईशप्पथ, असा गोल मी पुन्हा बघितला नाही. आणि माईकवरनं काय आलं? "अश्विनीनं एकटीनं गोल मारला!" एकटीनं!

नाना, तुम्ही स्वतः मैदानात आलात आणि अश्विनीला स्वतःच्या हातानं फेटा बांधलात. टाळ्या झाल्या. तुम्ही वळलात, आणि अश्विनीनं फेटा उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. सरांनी सांगितलं नव्हतं. तिनं तो माझ्याकडं आणून दिला. म्हणली, "पास तुझा होता." मी काय करणार? मला रुक्मिणीनं दिला होता. मी रुक्मिणीला दिला. रुक्मिणी पळत गेली गौरीकडं. गौरी बावरली. तिला कळंना आता कुणाला द्यायचा. ती हातमोज्यांसकट फेटा घेऊन सरांकडं गेली. आणि सर काय म्हणले ते मी कानांनी ऐकलंय. म्हणले, "माझ्याकडं नको. मी कुठं खेळत होतो? चेंडू तुझ्यापासून निघाला, गौरे." आणि गौरीनं फेटा आपल्या डोक्याला गुंडाळला आणि उरलेला खेळ तशीच गोलमधी उभी राहिली.

तिच्या बापाची मेंढरं त्या वेळी मैदानामागच्या माळावर चरत होती. तो काठी टेकून बघत होता. त्याच्या तोंडावरचा आनंद मला अजून दिसतो.

आणि त्याच संध्याकाळी मंडळानं सरांना बोलावलं. नाना म्हणले, "मास्तर, फेटा म्हंजी काय मुरमुऱ्याचा पुडा हाय का, ह्याच्या हातातनं त्याच्या हातात द्यायला? जत्रेचा अपमान झाला. माफी मागा." सर म्हणले, "नाना, अपमान कुणाचा झाला? जिचा मान तिला पोचला."

नाना, आज सगळ्यांसमोर विचारते, आणि तुम्ही मोठे आहात म्हणून हात जोडून विचारते. फेटा फिरला म्हणून राग आला होता, का तो शेवटी जिच्या डोक्यावर जाऊन थांबला तिच्यामुळं आला होता? अश्विनी मोठ्या घरची. तिच्या डोक्यावर फेटा राहिला असता तर जत्रा खूश होती. मेंढरं राखणाऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर गेला, की अपमान?

उत्तर देऊ नका. मला उत्तर नको आहे.

सूत्रसंचालक मला घड्याळ दाखवतायत. दादा, ठेवा ते खिशात. आपल्या गावात पोरीबाळींना माईक कधी मिळतो? मिळालाय तर संपवूनच देते.

त्यानंतर मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. विचारलं की एकच उत्तर, "दुरुस्ती चालू आहे." कसली दुरुस्ती? मुरमाच्या मैदानात दुरुस्ती करायला आहे काय? जत्रेच्या दिवशी कुलूप निघतं. प्रचारसभेला निघतं. लग्नाच्या पंगतीला निघतं. फक्त पोरींच्या खेळाला निघत नाही. किती वर्षं झाली! मी नोकरीला लागले, गौरीचं वाशीला लग्न झालं, आणि दुरुस्ती अजून चालूच.

सर गप्प बसले नाहीत. उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की त्याच्या तळात पोरींना खेळवायचे. तलाव भरला की माळावर. आणि ज्वारी काढली की स्वतःच्या रानात.

गेल्या महिन्यात सर माझ्या गाडीत बसले. कळंबला निघाले होते. तोंड उतरलेलं. मी म्हणलं, "काय झालं सर?" म्हणले, "संगे, पोरी बिघडायला लागल्या. चेंडू उचलून मारायला लागल्या." मी म्हणलं, "मग रागवा की त्यांना." सर म्हणले, "त्यांची काय चूक? रानात धसकटं हायेत. जमिनीवरनं पास दिला की धसकटाला लागून कुठं बी जातो. मग त्या उचलतात. चेंडू उचलायची सवय एकदा लागली, की ती पोरगी पुन्हा पास देत न्हाय." मी म्हणलं, "नानांकडं जावा सर एकदा." तर म्हणले, "गेलो होतो. दुरुस्ती चालू हाय म्हणले." आणि मग म्हणले, "धसकटं काढावी लागतील."

ज्यांनी ज्वारी केलीय त्यांना धसकट काय असतं ते सांगायला नको. काळ्या रानात मुळं कशी रुतून बसतात, एक उपटताना हाताची सालटं कशी जातात. सर साठी ओलांडलेले. गडी लावला नाही. म्हणले असतील, माझ्या पोरींचं मैदान आहे, माझं मी करतो. त्या दिवशी सकाळी पोरी बूट घेऊन रानात आल्या तेव्हा सर बांधाजवळ आडवे होते. अर्धं रान साफ झालं होतं. अर्ध्यात धसकटं तशीच होती.

आणि तिथनं हाकेच्या अंतरावर एवढं मोठं मैदान, रिकामं, कुलूप घातलेलं!

रडू येतंय मला. येऊ दे. पण राग जात नाही.

आणि मघाशी घोषणा काय झाली? "कै. दिगंबर सर स्मृती चषक." कुठं? त्याच मैदानात. आणि सगळ्यात भारी गोल मारणाऱ्याला मानाचा फेटा! टाळ्या वाजल्या. तुम्हीच वाजवल्या. ज्या फेट्यानं त्या माणसाचं मैदान गेलं, तोच फेटा त्याच्या नावानं वाटणार तुम्ही? आणि हा बघा, फोटोलासुद्धा फेटा बांधलाय. मंडळाचाच. केशरी. जिवंतपणी चालून आलेला फेटा त्यांनी "माझ्याकडं नको" म्हणून परत पाठवला होता. आता ते नको म्हणू शकत नाहीत, म्हणून बांधला?

नाना, तुम्ही वाईट माणूस नाही. माझ्या बापाला रात्री धाराशिवला न्यायचं होतं तेव्हा तुमचीच जीप आली होती. ते आम्ही विसरलो नाही. मैदानाला भिंत तुम्हीच खटपट करून घातलीत, हेही खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो. परक्या माणसावर इतका कोण रागावतं?

आता संपवते.

काकू, तुमची परवानगी असेल तर मी सरांच्या फोटोचा हा फेटा काढते. काकू?

हो म्हणल्या.

काढला. बघा, आता कसे सर दिसायला लागले.

हा फेटा मी नानांच्या हातात देते. नाना, त्या दिवशीही सुरुवात तुमच्या हातानं झाली होती, आजही तुमच्याच हातानं होऊ द्या. तुम्ही तो खाली पहिल्या रांगेत द्या. पहिल्या रांगेनं दुसऱ्या रांगेत. हातोहात, मागं मागं. शेवटच्या रांगेत पाण्याच्या टाकीपाशी गौरी बसलीय. वाशीहून लेकराला घेऊन आलीय. इथं पुढं खुर्च्या मोकळ्या होत्या, पण तिला कुणी पुढं ये म्हणलं नाही. तिच्या शेजारी सरांच्या आत्ताच्या पोरी बसल्यात. फेटा तिथपर्यंत जाईल.

आणि नाना, मैदानाची किल्ली तुमच्या खिशात असते, ते सगळ्या गावाला माहीत आहे. फेट्याची घडी मोठी आहे. किल्ली तिच्यात सहज मावेल. ठेवायची का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बघणारसुद्धा नाही. पण रिकामा फेटा पोचला तर ते गौरीला कळेल, आणि उद्या सकाळी उरलेली धसकटं उपटायला आम्ही सगळ्याजणी रानात जाणार आहोत, तेही सांगून ठेवते.

आता सगळे उभे राहू. सरांसाठी शांत राहू. किती वेळ, ते घड्याळाकडं बघून ठरवायचं नाही. फेटा गौरीच्या हातात पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही. फेकायचा नाही. समोरच्यानं धरला का ते बघून सोडायचा.

आणि एक. फ्लेक्सकडं तोंड करून उभं राहू नका. मंचाकडं नको, माझ्याकडंही नको. सर तिकडं नाहीत. सरांचा शेवटचा नमस्कार म्हणून त्यांचं एवढं एक ऐका.

सगळ्यांनी मागं बघा.